धडा तोंडपाठ, नवा शब्द आला की गप्प: इंग्रजी वाचन नेमकं कुठे अडतं आणि काय करायचं

तक्रार थोड्याफार फरकाने तीच असते. "मॅडम, पुस्तकातला धडा फाडफाड म्हणतंय की पोरगं. पण पेपरात जरा वेगळं काय आलं की गप्प बसतंय बघा." मग ट्यूशन बदलते, गाईड बदलतं, शब्द पाच-पाच वेळा लिहून घेतले जातात. थोडे दिवस बरं चालतं आणि घटक चाचणी झाली की परत पहिले पाढे पंचावन्न.

मी कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत संध्याकाळी पाचवी ते आठवीच्या मुलांना इंग्रजी वाचायला शिकवते. बहुतेक मुलं मराठी माध्यमाची, काही सेमीची. महाराष्ट्रात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आलं, म्हणजे सहावीत येईपर्यंत पोरानं या विषयाची पाच पुस्तकं संपवलेली असतात. तरी 'स्टॉप' वाचणाऱ्याला 'स्टेप' वाचता येत नसेल, तर अजून चार पानं लिहून घेऊन काही होणार नाही. अडलंय कुठे ते आधी शोधायला हवं.

आधी ही तपासणी

मराठी वाचून घ्या. पुस्तकातला धडा नको, वर्तमानपत्रातली चार वाक्यं द्या. जोडाक्षरांवर अडखळत असेल तर दोन्ही भाषांचं काम एकदम हाती घ्यावं लागेल. इंग्रजीला एकट्याला दोष देऊ नका. डोळे आणि कान तपासलेत का, हेही विचारा. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक शाळेत येऊन गेलेलं असतं, पण त्यांनी दिलेली चिठ्ठी दप्तराच्या तळाशीच राहते. सतत सर्दीने कानाला दडे बसणाऱ्या मुलाला 'प' आणि 'ब' सारखेच ऐकू येत असतील, तर पुढचं सगळं मुसळ केरात.

मग खोटे शब्द द्या. टी-ओ-बी. एम-ई-पी. एफ-ई-एस-एच. टॉब, मेप, फेश. यांना काही अर्थ नाही, म्हणूनच ते द्यायचे. पाठांतर इथे कामाला येत नाही. इंग्लंडमध्ये २०१२ पासून पहिलीच्या वयाच्या मुलांची जी वाचन तपासणी होते, तिच्यात ४० पैकी २० शब्द असेच बनावट असतात.

आता मूल काय करतं ते नीट ऐका. 'टॉब'चं 'टॉप' केलं तर ते पहिली दोन अक्षरं बघून अंदाज मारतंय. पूर्ण गप्प बसलं तर आजवरचं सगळं वाचन पाठांतरावर चाललंय. 'ट, ऑ, ब' असं सुटं म्हणून थांबलं तर आवाज माहीत आहेत, जोडता येत नाहीत. आणि 'टऑब' असं काहीतरी म्हणालं तर निम्मं काम झालेलंच आहे. त्याबद्दल पुढे सांगते.

सी-ए-टी कॅट

आपल्याकडे इंग्रजी शिकवायची जुनी चाल ही आहे: अक्षरांची नावं घोकायची आणि शेवटी शब्द म्हणायचा. आता 'सी, ए, टी' हे भराभर म्हटलं तर काय होतं? 'सीएटी'. त्यातून 'कॅट' कुठूनही निघत नाही. शब्द मॅडमनी सांगितला म्हणून निघतो.

मराठीत ही अडचणच नाही. 'क' या अक्षराचं नाव 'क' आणि आवाजही 'क'. आपल्या मुलांना लिपीवर विश्वास ठेवायची सवय असते, आणि इंग्रजी अक्षरांची नावं त्या विश्वासाला पहिल्याच दिवशी सुरुंग लावतात. 'एच'च्या नावात 'ह' नाही. 'डब्ल्यू'च्या नावात 'व' नाही. उलट 'वाय'च्या नावाची सुरुवातच 'व'ने होते आणि अक्षर लिहितं 'य'. ज्या पोरानं 'यस'चं 'वेस' केलं, त्यानं डोकं चालवलं होतं.

म्हणून माझ्याकडे येणाऱ्या मुलाला अक्षरांची नावं घ्यायची बंदी असते. कायमची नाही, वाचन सुटेपर्यंत. पालकांना हे पटत नाही. त्यांना 'स्पेलिंग येत नाही' असं वाटतं. घरी कुणी आजोबा ए-बी-सी-डी म्हणून घेत असतील तर त्यांनाही हे आधी सांगून ठेवावं लागतं.

'गोल'मध्ये आवाज किती?

कोल्हापुरात फुटबॉलचे शब्द शिकवावे लागत नाहीत. शाहू स्टेडियमवर पेठांचे सामने सुरू झाले की तिसरीतलं पोरगंसुद्धा थ्रो, किक, पास, हेड, कॉर्नर असं बोलत असतं. हे सगळे इंग्रजी शब्द अर्थासकट त्याच्या तोंडात आहेत. तिथून सुरुवात करायची. मी पहिले काही दिवस पुस्तक उघडतच नाही. वाटीत चिंचोके घेते, वहीवर चौकोन आखते आणि सांगते, शब्द हळू म्हण, जितके आवाज ऐकू येतील तितके चिंचोके चौकोनात ठेव. ही युक्ती माझी नव्हे. एल्कोनिन नावाच्या सोव्हिएत मानसशास्त्रज्ञाची आहे, चिंचोके तेवढे आपले.

सहावीतल्या एकाने 'गोल'ला दोन चिंचोके ठेवले: गो, ल. 'किक'लाही दोन. आणि 'थ्रो'ला एकच ठेवून माझ्याकडे बघत बसला, एवढं सोपं कशाला विचारताय अशा चेहऱ्याने.

देवनागरीच्या हिशेबाने त्याचं उत्तर बरोबर होतं. आपली लिपी व्यंजन आणि स्वर एकत्र बांधून एक अक्षर करते. 'थ्रो' खरंच एक अक्षर आहे. इंग्रजी मात्र तेच अक्षर फोडून लिहिते. ग्, ओ, ल्. क्, इ, क्. थ्, र्, ओ. तिन्ही शब्दांत तीन-तीन आवाज. ज्या मुलाला हे तीन तुकडे ऐकूच येत नाहीत, त्याला 'टी-एच-आर-ओ-डब्ल्यू' ही पाच अक्षरं म्हणजे दिसेल तशी पाठ करायची रांगोळी असते. सगळ्या दुखण्याचं मूळ मला इथे सापडतं आणि सर्वांत जास्त वेळ मी इथेच घालवते.

त्या पोराला विचारलं, 'थ्रो'मधला थ काढून टाक, काय उरलं?

"रो."

मग आधी थ वेगळा होता की नाही? त्यानं एक चिंचोका पुढे सरकवला. आता 'रो'मधला र काढ. बराच वेळ नुसते ओठ हलवले. मग, "ओ... आयला, तीन हाईत की!"

तीन चिंचोके चौकोनात बसले की मगच पेन्सिल. प्रत्येक चौकोनात त्या आवाजाची अक्षरं लिहायची. थ् च्या चौकोनात टी-एच, र् च्या चौकोनात आर, ओ च्या चौकोनात ओ-डब्ल्यू. अक्षरं पाच, चौकोन तीनच. लिहिताना तोंडाने अक्षराचं नाव नाही, आवाज म्हणायचा. नंतर बोट फिरवत तोच शब्द वाचायचा. बोललेलं लिहिलं, लिहिलेलं वाचलं. 'मॅच' (अक्षरं पाच, आवाज तीन), 'कोच' (तसंच), 'किक' (अक्षरं चार, आवाज तीन) असे शब्द एका बैठकीत तीन-चार झाले तरी पुष्कळ. आणि 'बॉक्स' जरूर घ्या. तिथे अक्षरं तीन आणि आवाज चार निघतात: ब्, ऑ, क्, स्. एक्सला दोन आवाज आहेत हे स्वतः शोधल्यावर मुलं जी खूश होतात, ती पुढचा आठवडाभर पुरते.

ज्यांना फुटबॉलचं वेड नाही त्यांना मिसळ घ्या. मिसळीचा कट आणि कात्रीने करायचा कट कानाला सारखाच: क्, अ, ट्. सी-यू-टी लिहून दाखवा.

'नएट' म्हणतोय

नेट या शब्दाचे आवाज मूल बरोबर सांगतं आणि जोडताना 'नएट' म्हणतं. किंवा 'कप'चं 'कअपअ'. कारण सरळ आहे. मराठी मुलाच्या मनात सुटं 'न' म्हणजे 'न् + अ'. त्या पोटातल्या 'अ'मुळे जोड बसत नाही.

इथे मराठी शाळेतलीच भाषा वापरा. त्याला सांगा, पाय मोडून म्हण. जोडाक्षरं शिकलेल्या प्रत्येक मुलाला पाय मोडका न ठाऊक असतो. न् म्हणताना जीभ टाळूला लावून नाकातून नुसता ओढायचा. स्, श्, फ्, म्, ल् हेही असे लांबवता येतात, म्हणून पहिले शब्द यांच्यापासून सुरू होणारे घ्या: नेट, मॅन, फॅन, सन. क्, ट्, प् लांबवता येत नाहीत, ते कुजबुजल्यासारखे म्हणायचे. ब्, ड्, ग् यांच्यामागे पुसटसा अ येतोच, त्यावरून मुलाला छळू नये.

तरीही जोड बसेना तर बाराखडी हाताशी आहे. 'न् ला ए ची मात्रा दिली की काय?' असं विचारलं की झटकन 'ने!' येतं. मग 'ने आणि ट्?' नेट. बाराखडी हा जोडण्याचाच सराव होता, हे बहुतेकांच्या लक्षात आलेलं नसतं.

हिट की हीट

आवाज फोडता येतात, जोडता येतात, आणि तरीही लिहिताना 'शिप'च्या जागी 'शीप' येतं, 'फिल'च्या जागी 'फील'. हे कोल्हापूरचंच नव्हे, सगळ्या मराठी तोंडाचं आहे. आपल्या शुद्धलेखनाचा नियमच आठवा: शब्द अकारान्त असेल तर त्याच्या आधीचा इकार-उकार दीर्घ. तीन, वीट, मूल, फूल. आपण बोलतोही तसंच. त्यामुळे 'बिल'चं बील आणि 'किट'चं कीट आपोआप होतं, दुकानाच्या पाट्यांवरसुद्धा.

नुसतं 'नीट ऐक' सांगून हे सुटत नाही. जोड्या लावाव्या लागतात. 'हिट' आणि 'हीट', 'फिट' आणि 'फीट', 'सिट' आणि 'सीट'. तुम्ही म्हणायचं, मुलाने नुसतं बोट दाखवायचं, ऱ्हस्व की दीर्घ. मग भूमिका बदलायची: तो म्हणणार, तुम्ही दाखवणार. 'दीर्घ' म्हणून म्हटलेल्याला तुम्ही ऱ्हस्वाकडे बोट दाखवलं की तो स्वतःच दुरुस्त करतो. रोज पाच मिनिटं, जास्त नको, कंटाळा येतो.

बाकी उच्चार साहेबी करायच्या भानगडीत मी पडत नाही. आपला ट मूर्धन्य आहे, असू दे. 'थ्रो'चा थ आपल्या दातांवर आपटला तरी वाचन अडत नाही. व्ही आणि डब्ल्यू दोघांनाही आपण व म्हणतो, तर मुलाला सरळ सांगावं की व या आवाजाची स्पेलिंगं दोन आहेत, कुठल्या शब्दात कुठलं ते बघून ठेवायचं.

शब्दाखालची देवनागरी

गाईडमध्ये प्रत्येक इंग्रजी ओळीखाली देवनागरी छापलेली असते. नसेल तर मूल पेन्सिलने लिहून घेतं. मग डोळा इंग्रजीवर जातच नाही. वर्षभर इंग्रजीचा तास होतो आणि वाचन चालतं मराठीचं.

ही देवनागरी खोडायला लावली की पहिल्या दिवशी रडारड होते. मी खोडत नाही. पट्टीने झाकते आणि अडलेल्या एकाच शब्दापुरती पट्टी सरकवू देते. देवनागरीचा खरा उपयोग वेगळा आहे. इंग्रजीत आवाज साधारण ४४ आणि अक्षरं २६, त्यामुळे आवाजांची यादी इंग्रजी अक्षरांत करताच येत नाही. देवनागरीत येते. ॲ आणि ऑ तर आपण इंग्रजी शब्दांसाठीच घेतलेत. वहीचं एक पान एका आवाजाला द्या. वर मोठा 'ओ' काढा. खाली रकाने: गोल आणि कोच एका रकान्यात, थ्रो आणि स्नो दुसऱ्यात, होम आणि नोट तिसऱ्यात, गो आणि नो चौथ्यात. नवा शब्द भेटला की मूल स्वतः ठरवून रकान्यात टाकतं. आठवीतल्या एका मुलीचं असं वहीचं पान बघून तिच्या धाकट्या भावानेही वही मागितली.

उलटी बाजूही दाखवावी लागते. 'टीम'मध्ये ई-ए म्हणजे ई, 'हेड'मध्ये तेच ई-ए म्हणजे ए. नियम शोधायला जाऊ नका. 'आधी ई म्हणून बघ, शब्द ओळखीचा वाटला नाही तर ए म्हणून बघ', एवढंच शिकवायचं. शब्द मुलाच्या कानावर आधी पडलेला असेल तर ते बरोबर थांबतं. म्हणूनच तोंडातले शब्द आधी.

आणि कृपा करून 'सायलंट' शब्द वापरू नका. 'लाईट'मध्ये जी-एच सायलंट, 'मॅच'मध्ये टी सायलंट, 'नी'मध्ये के सायलंट असं सांगत गेलं की मुलाला वाटतं, इंग्रजीत काही अक्षरं उगाच बसलेली असतात आणि कुठली ते फक्त मॅडमना ठाऊक. आय-जी-एच मिळून आय, टी-सी-एच मिळून च्, के-एन मिळून न्. चौकोनात एकत्र बसवलं की संपलं.

बरं झालं होतं, परत तसंच

पालकांचा फोन येतो तो साधारण दिवाळीनंतर. छोटे शब्द वाचायला लागलेलं मूल परत अंदाज मारायला लागलेलं असतं. सुट्टीत सराव तुटला हे एक, पण खरं कारण बहुधा धडा लांब झालाय हे असतं. पुस्तकात तीन-चार तुकड्यांचे शब्द यायला लागतात आणि मूल पहिलं अक्षर बघून उडी मारतं. 'पोझिशन'चं 'पोलीस' होतं.

शब्द पुन्हा तोंडात आणा. 'स्टेडियम' म्हण, टाळ्या वाजव: स्टे, डि, यम. प्रत्येक टाळीला एक आडवी रेघ, रेघेवर त्या तुकड्याचे आवाज. वाचताना उलट: बोटाने पुढचा भाग झाकायचा, एक तुकडा वाचायचा, मग पुढचा उघडायचा. चित्र बघून ओळख, पहिल्या अक्षरावरून ओळख, असं कुणीही सुचवत असेल तर त्यांना थांबवा. अंदाजाची सवय लागायला सोपी, सुटायला महाकठीण.

लांब शब्दांत आणखी एक चोर असतो: दबका अ. इंग्रजीत सर्वांत जास्त वेळा येणारा स्वर हाच. डॉक्टर, टीचर, डॉलर, तिन्हींच्या शेवटी आपण 'टर, चर, लर' म्हणतो, पण लिहायचं अनुक्रमे ओ-आर, ई-आर, ए-आर. ऐकून कळणार नाही. त्यासाठी लिहिण्यापुरता खोटा उच्चार ठेवायचा: 'डॉक्-टॉर', 'डॉल्-आर'. मुलं हसतात आणि लक्षात ठेवतात.

वाचतोय, पण कळत नाही

हा वेगळा आजार, त्याला वरचे उपाय लागू नाहीत. गॉफ आणि टनमर या संशोधकांनी १९८६ मध्ये मांडलेलं साधं गणित आहे: वाचून समजणं म्हणजे शब्द उलगडणं गुणिले भाषा समजणं. गुणाकार आहे, एक बाजू शून्य तर उत्तर शून्य. तपासायचं कसं? तोच उतारा तुम्ही मोठ्याने वाचून दाखवा. ऐकूनही कळला नाही तर त्याला इंग्रजी ऐकायला, बोलायला, गोष्टी सांगायला हव्यात. आवाजांचे चौकोन वाढवून फायदा नाही. ऐकून कळला आणि वाचून नाही, तर परत वर जा.

शाळेशी आणि डॉक्टरांशी

काही शिक्षक म्हणतात, हे सगळं पहिलीच्या पोरांचं आहे, सातवीत कशाला? अमेरिकेतल्या नॅशनल रीडिंग पॅनेलचा २००० सालचा अहवाल असो की इंग्लंडमधला जिम रोज यांचा २००६ चा अहवाल, आवाज आणि अक्षरांची सांगड पद्धतशीर शिकवा, असंच दोन्हीकडे सांगितलंय. सातवीतल्या मुलाची ती पायरी राहिली असेल तर ती सातवीतच घालावी लागणार. फक्त शब्द त्याच्या वयाचे हवेत. मिशा फुटायला लागलेल्या पोराला सफरचंदाचं चित्र दाखवू नये.

रोज पंधरा-वीस मिनिटं एकट्याबरोबर बसून काही महिने काम झालं, आणि तरीही तीन आवाजांचा शब्द जोडता येत नाही, मराठीही तशीच अडखळते, आरशातल्यासारखी अक्षरं उलटी होत राहतात, तर अध्ययन अक्षमतेची (लर्निंग डिसॅबिलिटीची) तपासणी करून घ्या. मूल साधारण आठ वर्षांचं झालं की ती करता येते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात या अक्षमतेचा समावेश आहे आणि सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र असेल तर परीक्षेत जादा वेळासारख्या सवलती मिळतात. दहावीच्या वर्षाची वाट बघत बसू नका, प्रमाणपत्राला वेळ लागतो. कागद हातात आला तरी चिंचोके चालूच ठेवायचे. अशा मुलांनाही याच वाटेने जायचं असतं, फक्त प्रत्येक पायरीवर जास्त दिवस थांबावं लागतं. शाळेला मात्र एवढं लेखी कळवा की वर्गात सगळ्यांसमोर उभं करून मोठ्याने वाचायला लावू नये. धड्यातली दोन वाक्यं आदल्या दिवशी घरी पाठवली तर तो दुसऱ्या दिवशी ती वाचून दाखवेल.